डाव्या दारावरची थाप

चहा घ्या, बसा. तुमच्या पार्ट्या आरतीहून यायला अजून अवकाश आहे, आणि पार्किंगमध्ये पडून झोप लागत नाही हे मला कुणी सांगायला नको. तोवर सोबरनची गोष्ट सांगतो. मथुरेच्या स्टँडवर तो माझ्या शेजारीच गाडी लावायचा. खोटं रचून सांगायची त्याला अक्कलच नव्हती, म्हणून मी मानतो. तुम्ही माना, नका मानू.

पितृपक्ष सुरू होता. बूंदी गावच्या यात्रेकरूंची एक पार्टी त्याच्या गाडीत होती. मथुरा, वृंदावन, आग्रा, प्रयाग, काशी आणि शेवटी गया. यात्रा म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. रोज नवं शहर, नवं देऊळ. लोक दर्शन घेतात, आपण गाडी लावायला जागा शोधतो. काशीला पोचेपर्यंत सोबरनच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

पार्टीचा कारभारी घीसालाल. सोबत त्याची बायको गुलाबबाई, भाऊ, भावजया आणि वारलेले वडील. हसताय काय? गयेला पिंड द्यायला निघताना ती माणसं स्मशानात जाऊन बापाला हाक मारतात, पिवळ्या कापडात नारळ बांधून काठीला लावतात. मग ती काठी म्हणजेच बाप. त्याला स्वतंत्र सीट, पहिलं पाणी त्याला, पहिला घास त्याला. एकटं सोडायचं नाही. आग्र्याला त्यांनी बापाला यमुनेपलीकडून ताजमहालसुद्धा दाखवला.

"बासांचा बघायचा राहिला होता," घीसालाल म्हणाला. बापाला ती माणसं बासा म्हणतात.

"मग, आवडला का?" सोबरननं विचारलं.

"नाही आवडला," गुलाबबाई म्हणाली. "जिवंतपणी तरी त्यांना काय आवडायचं?"

काशीला मात्र आरतीच्या गर्दीत काठी नेता येईना. मागे थांबायला कुणी तयार नाही. भावाभावांत जुंपली. शेवटी घीसालाल ओशाळून म्हणाला, "उस्ताद, तुम्ही बसता का घटकाभर बासांजवळ?"

सोबरन बसला. समोर नारळाचा तो म्हातारा, गळ्यात झेंडूची माळ. सोबरनला आपला बाप आठवला. रामसनेही, जन्मभर ट्रकवर क्लीनर. डावीकडच्या सीटवर बसायचा, हात खिडकीबाहेर सोडायचा आणि दारावर बाहेरून थापा मारायचा. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. त्या थापांवरच सोबरन गाडी शिकला. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. दरसाल सोबरन लोकांचे बाप गयेला पोचवायचा आणि आपल्या बापाला म्हणायचा, पुढच्या वर्षी.

"तूही चल, बापू," त्यानं जांभई दिली. "माझ्या शेजारची सीट रिकामीच आहे."

थट्टेतच म्हणाला. पण हाक ती हाक. बोलावलं की न्यावं लागतं, हे एवढी वर्षं गयेच्या फेऱ्या मारून त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. दमलेल्या माणसाच्या तोंडून निघून गेलं.

रात्री निघाले. सोन नदीचा पूल मागे पडला. मागे सगळे घोरत होते, सोबरनची मान पडत होती. तेवढ्यात डाव्या दारावर थाप बसली. एक. पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"काय झालं, उस्ताद?" घीसालाल दचकून उठला.

"तुम्ही थाप मारलीत ना?"

"आम्ही झोपलोय की."

शेजारची सीट रिकामी. काच वर. मग पुन्हा... थाप, थाप. सोबरननं गाडी काढली. झोपेत भास झाला, असं स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी गयेला पिंड झाले. काठी तिथंच ठेवून माणसं मोकळी झाली. बासांची रिकामी सीट बघून गुलाबबाईला रडू आलं.

"तुझं कोणी आहे का रे?" पंड्यानं सोबरनला विचारलं.

सोबरनला फक्त झोप हवी होती. "पुढच्या वर्षी, महाराज," म्हणाला आणि गाडीत जाऊन आडवा झाला.

ती चतुर्थीची रात्र. चंद्र नुकता वर आला होता. परतीचा रस्ता, डोभी गावाच्या अलीकडे.

थाप.

एक.

गाडी थांबली. सोबरन पुढच्या दोन थापांची वाट बघत राहिला. इंजिन चालू. काच वर. रस्त्यावर कुणी नाही...

"चला ना, उस्ताद," मागून घीसालाल म्हणाला.

"डबल नाही आली."

"काय नाही आली?"

शेजारच्या सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. कुणीतरी सावरून बसावं तशा. तिकडे मान वळवायची त्याची हिंमत होईना.

घीसालाल पुढे आला. त्यानं सोबरनचा चेहरा पाहिला. रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"कुणाला बोलावलं होतंत?"

"...बापूला."

"आणि तसंच परत नेताय?"

गाडी वळली. पुन्हा गयेकडे.

पहाटे सोबरननं बापाला पिंड दिला. गोत्र ठाऊक नव्हतं. पंडा म्हणाला, काश्यप म्हण. तो म्हणाला. मग तिथंच नदीच्या वाळूत बसून रडला. "दरसाल या वाटेनं गेलो रे, बापू," एवढंच म्हणत होता.

नंतर मथुरेपर्यंत त्याचे कान डावीकडेच लागले होते. काहीच आलं नाही. बाप एका शब्दानं निरोप न घेता गेला, हे त्याला फार लागलं.

पार्टी उतरली. सोबरन गाडी धुवायला लागला. उजवी बाजू झाली, मागची झाली. डावीकडे वळला आणि पाण्याचा पाइप त्याच्या हातातून पडला. मला हाक मारली, म्हणून मीही पाहिलं.

दारावर परतीच्या वाटेची धूळ साचली होती. त्या धुळीत एकाच हाताचे ठसे. शेजारी शेजारी, दोन. बोटं जमिनीकडे. आत बसून हात बाहेर सोडल्यावर उमटतात तशी.

काच वरच होती. काशीपासून ती कुणी उघडलीच नव्हती.