लाल दिव्याचा नियम

धाकटा निघाला होता एका साध्याच कामाला. वहिनीने त्याच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला आणि ती म्हणाली, "त्यांचा आवाज यात घालून आण. त्या खोलीतलं दुसरं काही मला नको."

खोली दादाची. बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानामागची, बिनखिडकीची. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, आणि दार इतकं जाड की बाहेर रस्ता खणत असले तरी आत माणसाला स्वतःचाच श्वास ऐकू यावा. भर दुपारीसुद्धा तिथे दिवा लावावा लागे. दादा तिथे दुकानांच्या जाहिराती, बसमधल्या सूचना, हौशी गायकांची गाणी रेकॉर्ड करायचा. घशासाठी तोंडात सतत लवंग. खोलीला तोच वास.

दाराच्या चौकटीवर बाहेरून एक लाल दिवा होता. तो लागला की आत रेकॉर्डिंग चालू. मग दार उघडायचं नाही, वाजवायचं नाही, कोणी मरत असलं तरी नाही. धाकटा फरश्या बसवणारा. शाळा लवकर सुटलेली, डोकं कायम तापलेलं. त्याने तो नियम इतक्यांदा मोडला की शेवटी दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "पुन्हा दिवा असताना आत आलास तर तंगडं मोडून हातात देईन."

दुसऱ्याच दिवशी धाकटा डबा घेऊन गेला, तेव्हा दिवा चालू होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने शहाण्यासारखं ऐकलं आणि पायरीवर बसून राहिला. डबा गार झाला. मग रागारागाने त्याने तो स्वतःच खाल्ला. अखेर त्याने दार उघडलं, तेव्हा दादा खुर्चीखाली पडला होता, दाराकडे हात करून, कानांवर हेडफोन तसाच. लवकर आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत.

पुढचं वहिनी बोलली. सगळं आटोपून घरी आल्यावर, अगदी हळू आवाजात. "तुला जन्मात कोणाचं ऐकता आलं नाही. नेमकं त्याच दिवशी ऐकलंस."

तो उठला, खोलीकडे गेला आणि पक्कडीने तो दिवा फोडला. होल्डरमधल्या काचा ओढून काढल्या, वायर भिंतीपासून कापून टाकली.

वहिनीला सातवा महिना होता. येणाऱ्या बाळासाठी दादाने चार ओळींची अंगाई रचून, गाऊन, कॉम्प्युटरवर ठेवली होती. बाळाला बापाचं तेवढंच काय ते मिळणार होतं. पण मशीन पासवर्ड मागत होतं आणि पासवर्ड दादाबरोबर गेला होता.

चौकातला कॉम्प्युटर मेकॅनिक दादाचा जुना दोस्त. त्याने वहिनीच्या पेन ड्राइव्हसोबत आपलाही एक दिला. "यात लिनक्स आहे, विंडोजसारखीच मशीन चालवणारी सिस्टिम. तुझ्या दादाचं मशीनही त्याच्यावरच चालायचं. याच्यावरून मशीन चालू कर, फाइल शोध, उचल. इन्स्टॉल म्हणालास तर बघ, सगळं पुसलं जाईल."

"मी काय कुकुलं बाळ आहे?"

"नाहीस. बाळ ऐकतं तरी."

धाकट्याला इंग्रजी अक्षरं एकेक जोडून वाचावी लागत. खोलीत मशीन चालू केल्यावर पडद्याने काही विचारलं, त्याने हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. मग एक पट्टी हळूहळू भरू लागली. ती बघून त्याला बरंच वाटलं, काम होतंय म्हणून.

मेकॅनिक दुकान बंद करून आला, पडद्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसला. "पाटी कोरी केलीस, राजा."

"मग परत लिही."

"तू जुनी जमीन उखडलीस, वर नवी फरशी बसवलीस. आता खाली काय होतं ते मला विचारतोस?"

धाकटा बराच वेळ भिंतीच्या गादीवरचा एक सुटलेला दोरा ओढत राहिला. मग म्हणाला, "गाणं भरता येईल असं तयार करून दे हे."

"कोण गाणार?"

"ते विचारू नकोस."

मेकॅनिकने विचारलं नाही. दोघा भावांचा आवाज फोनवर वहिनीलाही वेगळा ओळखू यायचा नाही, हे त्याला माहीत होतं. तो मुकाट्याने कामाला लागला. साउंड कार्ड जोडलं, माइक जोडला, काळ्या पडद्यावर दोन-चार ओळी टाइप केल्या. "आता मशीन आवाजाला पहिला मान देईल. बाकीची कामं मागे रांगेत." पडद्यावर दोन चौकोन आले, त्याने माइकपासून ट्रॅकपर्यंत आणि ट्रॅकपासून हेडफोनपर्यंत रेघा ओढल्या. "हा कोपऱ्यातला आकडा लक्षात ठेव. तू गाशील ते मशीनमध्ये जाऊन, फिरून कानात येणार, त्याला उशीर लागतो. आकडा उतरवत जा, उशीर कमी होईल. फार उतरवलास तर आवाज करकरेल."

"उशीर जातो का पूर्ण?"

"छे. आवाज मागूनच येणार. तुझ्या आधी यायला तो काय तुझा थोरला भाऊ आहे?" आणि मेकॅनिकने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी स्वतःच आली. धाकट्याने तिला आत घेतलं नाही. "आवाज काढायला वेळ लागतो. तू बस."

ती पायरीवर टेकली. त्याच पायरीवर. त्याने दार लावून घेतलं.

आत लवंगेचा वास होता. इतके दिवस नव्हता. धाकट्याने हेडफोन घातला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पहिली ओळ म्हटली. अंगाई त्याला पाठ होती. दादा घरभर गुणगुणायचा. कानात त्याचाच आवाज मागाहून आला, कोणी पावलावर पाऊल टाकत यावं तसा. त्याने आकडा उतरवला. आवाज जवळ आला. आणखी उतरवला. मागचं माणूस आता खांद्याशी होतं. दुसऱ्या ओळीला दोन्ही आवाज एक झाले, आणि तो आवाज इतका दादासारखा होता की धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. फसेल वहिनी, त्याला वाटलं. बाळही फसेल.

त्याने आकड्यावरचा हात काढला आणि तिसऱ्या ओळीसाठी श्वास घेतला.

*दार लोटलं, दिवा मालवला…*

कानात ओळ म्हणून झाली होती. त्याचं तोंड अजून उघडायचं होतं.

तो गप्प बसला. पडद्यावर माइकची रेघ सरळ, मेल्यासारखी. कानात मात्र कोणीतरी श्वास घेत होतं. चौथी ओळ आली नाही. श्वास अडकत गेला, मधेच थांबला, पुन्हा लागला. मग खुर्ची आपटल्याचा आवाज… आणि अगदी जवळून, कुजबुजत,

"धाकट्या… दिवा असू दे रे… दार उघड…"

तो ताडकन उठला. त्याची खुर्ची मागे आपटली, आत्ताच कानात ऐकलेल्या त्याच आवाजात. हेडफोन ओरबाडून त्याने फेकला आणि दाराकडे झेपावला. एका धक्क्यात दार उघडलं.

बाहेर ऊन होतं. वहिनी पायरीवरून उठून उभी होती, दोन्ही हात पोटावर, चेहरा पांढराफटक.

"किती वेळ वाजवत होतास दार," ती म्हणाली.

"मी नाही वाजवलं."

"आतून. मुठीने. आधी जोरात, मग हळूहळू. मी कडीला हात लावला होता. उघडणारच होते."

"मग उघडलं का नाहीस?"

तिने त्याच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या नजरेत दोष नव्हता, आणि त्याला तेच सहन होईना.

"दिवा लागला होता ना," ती म्हणाली. "लाल दिवा. हात आपोआप मागे आला. आता कळलं मला, तू त्या दिवशी का…"

धाकट्याने वर बघितलं. चौकटीवर रिकामा होल्डर होता. कापलेली वायर भिंतीवरून लोंबत होती.

मग त्याने वहिनीकडे बघितलं. तिच्या डाव्या गालावर, गळ्यावर, पोटावर धरलेल्या हातांवर अजूनही लाल उजेड होता.