रविवारची हजेरी

गिरगावात ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आतल्या गल्लीत वळलं की एक जुनं उपाहारगृह लागतं. संगमरवरी टेबलांच्या कडा झिजलेल्या, पंखे लांब दांड्यांना लटकलेले, आणि पदार्थांची नावं फळ्यावर खडूनं लिहिलेली. पदार्थ संपला की मालक उठून त्यावर ओलं बोट फिरवतात. रविवारी चारच्या सुमाराला तिथे फारशी गर्दी नसते. तरीही राजरत्न सगळ्यांच्या आधी जाऊन कोपऱ्यातलं टेबल धरायचा आणि उरलेल्या तीन खुर्च्यांवर बॅग, पाण्याची बाटली, वर्तमानपत्र असं काहीबाही ठेवून जागा अडवायचा.

कॉलेज सुटून वर्षही झालं नव्हतं. दर रविवारी इथेच भेटायचं, असं शेवटच्या पेपरच्या दिवशी चौघांनी ठरवलं होतं. ठरवलं चौघांनी, पाळलं एकट्यानं.

बाकी तिघांचं बरं चाललं होतं. लालबागचा स्वप्नील लग्नं-समारंभ उरकून देणाऱ्या कंपनीत लागला होता. हर्षवर्धन लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत गळ्यात पट्टा अडकवून फिरत होता. श्रेया तिथूनच जवळच्या एका सीएकडे आर्टिकलशिप करत होती. राजरत्न मात्र माझगावला, जहाजातून आलेला माल सोडवणाऱ्या एजंटाकडे. दिवसभर गोदीच्या गेटांवर कागद घेऊन उभं राहायचं आणि संध्याकाळी नायगावच्या चाळीत परतायचं. पदवीच्या निकालात तो या तिघांच्याही पुढे होता, पण हे आता त्याच्या आईशिवाय कोणाच्याच लक्षात नव्हतं.

कॉलेजात त्याची खरी ओळख वेगळीच होती. खोपकर सर हजेरी घेताना मस्टरवरून मान वर करत नसत. नुसते नंबर पुकारत जायचे. आणि राजरत्नला वर्गातल्या कोणाचाही आवाज काढता यायचा. अर्धा वर्ग चौपाटीवर हुंदडत असायचा आणि तरी हजर असायचा. राजरत्नच्या गळ्यामुळेच ज्यांना परीक्षेला बसता आलं, असे बरेच होते.

तीच गंमत रविवारीही चालू राहिली. चहा झाला की तो हनुवटी छातीला टेकवून खोपकर सरांच्या नाकातल्या आवाजात नंबर पुकारायचा. आलेले ओरडायचे, "येस सर!" जो आला नसेल त्याची प्रॉक्सी राजरत्न द्यायचा, त्याच्याच आवाजात. मग सगळे हसायचे, आणि ते हसणं संपेपर्यंत तरी चौघं बसल्यासारखं वाटायचं. त्याला तेवढंही पुरत होतं.

एका रविवारी स्वप्नील आला नाही. "नक्की येतो" असा त्याचा मेसेज होता, म्हणजे तो येणार नाही हे उघडच होतं. राजरत्ननं हजेरी सुरू केली. स्वप्नीलचा नंबर पुकारला, चहाचा घोट घेतला आणि आता आवाज बदलायचा म्हणून मान वळवली.

"येस सर!"

'स' लांबवत, जरा आळसावून, अगदी स्वप्नीलसारखं.

श्रेयानं टाळ्या वाजवल्या. "काय कडक काढलास रे! ओठसुद्धा हलले नाहीत तुझे."

"एक नंबर," हर्षवर्धन म्हणाला.

राजरत्नच्या तोंडात अजून चहा होता. तो त्यानं गिळला. मी नव्हतो, असं सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. श्रेया त्याच्याकडे बघून हसत होती, आणि असं कोणी कौतुकानं बघावं असे प्रसंग हल्ली त्याच्या वाट्याला येत नव्हते. मागच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ पियूष पीत बसले होते. बाकी जवळपास कोणी नव्हतं.

दोनेक दिवसांनी स्वप्नीलचा फोन आला. "रविवारी मजा आली यार."

"तू कुठे होतास?"

"कुठे म्हणजे? हर्षा त्याच्या बॉसची टिंगल करत होता, तेव्हा मी काय झोपलो होतो? आणि चटणी काय आंबट होती रे!"

हर्षवर्धननं सगळं सांगितलं असणार, असं राजरत्ननं ठरवून टाकलं. त्याला संताप आला. यायचं नाही ते नाही, वर आल्याचा आव आणायचा! मैत्री इतक्या स्वस्तात निभावायची ही नवीनच तऱ्हा होती.

पुढच्या रविवारी श्रेया एकटीच आली, तीही घाईत. राजरत्नला तिला एक विचारायचं होतं. कॉलेजात असल्यापासून विचारायचं होतं. ती याच भागातली, खोताच्या वाडीच्या मागच्या गल्लीत राहणारी. एकदा तो तिच्या घरी गेला होता. तिच्या वडिलांनी आडनाव विचारलं होतं, गाव विचारलं होतं, आणि त्यानंतरही चहा छानच दिला होता. पुन्हा मात्र बोलावणं आलं नाही. तरी श्रेयाचं उत्तर वेगळं असेल अशी आशा त्यानं सोडली नव्हती. खरं सांगायचं तर दर रविवारी तो खुर्च्या अडवून बसायचा, तो या एका आशेवर.

"घे पटकन हजेरी," ती घड्याळ बघत म्हणाली. "मग मी पळते."

त्यानं नंबर पुकारले. या वेळी बोटं गळ्यावर ठेवून.

"येस सर," स्वप्नीलच्या खुर्चीतून आलं. "प्रेझेंट, सर," हर्षवर्धनच्या खुर्चीतून आलं. त्याच्या बोटांखाली गळा स्वस्थ होता. टेबलावर एकाएकी हर्षवर्धनच्या सेंटचा वास पसरला, तोच महागडा, नोकरी लागल्यावर घेतलेला. त्या खुर्चीसमोरचा पाण्याचा ग्लास अर्धा झाला होता.

श्रेया पोट धरून हसली. पर्स उचलली. "चला रे, भेटू," म्हणाली आणि जाता जाता तिनं स्वप्नीलच्या खुर्चीच्या पाठीवर सवयीनं थाप मारली.

विचारायचं राहूनच गेलं. या दोघांसमोर कसं विचारायचं, असं राजरत्नच्या मनात आलं. मग आपण काय विचार केला हे लक्षात येऊन तो कितीतरी वेळ त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत राहिला.

रात्री ग्रुपवर दोघांचेही मेसेज आले. आजची भेट भारी झाली म्हणून. राजरत्ननं लिहिलं, "तुम्ही आलाच नव्हतात." त्यावर हर्षवर्धननं हसरा चेहरा पाठवला आणि खाली लिहिलं, "राज्या, तू हल्ली असा तुटक का वागतोस? तिकडेही नुसता गप्प बसून होतास."

त्यानं स्वप्नीलला फोन लावला.

"अरे, गिरगाव लांब पडतं सगळ्यांना," स्वप्नील म्हणाला. "म्हणून तर आम्ही लोअर परळला बसतो ना हल्ली. एसी आहे, कॉफी बरी मिळते."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे आपण. तू पण असतोस की!"

राजरत्ननं शिवी हासडून फोन कापला. आपल्याला वगळलं ते वगळलं, वर चेष्टा!

आई, रमाबाई, भाकरी थापत होती. तिनं वळून पाहिलं नाही. "ती पोरं येत न्हाईत, तर तू कशाला जातोस रे दर ऐतवारी?"

"येतात," राजरत्न म्हणाला. आपण असं का म्हणालो, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

मग त्यानं श्रेयाला वेगळा मेसेज केला. रविवारी एकटी ये, एक महत्त्वाचं विचारायचंय. तिचं उत्तर लगेच आलं. "हो रे. येते."

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. आज हजेरी घ्यायची नाही, असं त्यानं पक्कं केलं होतं. आज प्रॉक्सी नको होती, माणूस हवं होतं. खुर्च्यांवर त्यानं काही ठेवलं नाही.

चार वाजून गेले. उन्हाची तिरीप दारातून आत येऊन टेबलाच्या पायाशी पोचली. मालकांनी साबुदाणा वड्यावर बोट फिरवलं. श्रेया आली नव्हती.

वेटर ट्रे घेऊन आला. चार पाणी, चार चहा.

"मी सांगितला नाही चहा," राजरत्न म्हणाला.

"यांनी सांगितला ना." वेटर वाकला, समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "जरा ओढणी वर घ्या ताई, पायात येतेय," आणि पलीकडून निघून गेला.

राजरत्न हलला नाही.

चहाच्या वाफा वर जात होत्या. एका कपाची वाफ मध्येच तुटली, कोणीतरी फुंकर घातल्यासारखी.

त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

"घे ना रे हजेरी," श्रेया म्हणाली.

समोर कोणी नव्हतं.

तो उठला. खुर्ची मागे पडली. बाहेर रस्त्यावर येऊन एका बंद दुकानाच्या पायरीशी उभा राहिला आणि त्यानं श्रेयाला फोन लावला.

बराच वेळ रिंग गेली. मग कॉफीच्या मशीनची घरघर ऐकू आली, कपबशांचा आवाज, मागे स्वप्नीलचं हसणं.

"हॅलो? कोण? हा नंबर कोणाचा?"

"मी. राजरत्न."

"ए, बास हां!" श्रेया खळखळून हसली. "मस्त काढलायस आवाज. पण तो इथेच बसलाय, माझ्या समोर. दुसरा कोणीतरी ट्राय कर."

"श्रेया, ऐक. मी गिरगावात आहे, आपल्या हॉटेलबाहेर. मला तुला एक विचारायचं होतं."

तिचा आवाज उतरला.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हाला काय? श्रेया, मीच आहे—"

"राजरत्ननंच विचारलं मला. आत्ताच, या सगळ्यांसमोर. आणि मी हो म्हटलं. प्लीज, पुन्हा फोन करू नका."

पण फोन तिनं लगेच ठेवला नाही. पलीकडे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, आणि मग एक आवाज, ओळखीचा, मोकळा, गोदीच्या गेटांवर कधी उभा न राहिलेला.

"कोण होतं गं?"

"कोणी नाही रे. कॉलेजातलं कोणीतरी. तुझी नक्कल करत होतं."

आणि पलीकडे राजरत्न मोठ्यानं हसला.