ढोलबंदीतली ठकठक

"ज्याला भ्यायचंय त्याने आत्ताच घरी जावं," अंधार पडल्यावर ओकाईबाबांनी पोरांना बजावलं. "क्वार्ली माझ्या मेहुणीची शेजारीण. यातलं खोटं काही नाही."

गेल्या मे महिन्यातला दुसरा गुरुवार. नवा मका वाढेपर्यंत पूर्वजांना शांतता द्यायची म्हणून सणाआधीची ढोलबंदी लागलेली, त्यामुळे आपलं अख्खं जेम्सटाउन चिडीचूप. रात्री नऊला कापडवाली क्वार्ली जुन्या कोकोच्या वखारीकडे निघाली, स्वतःचा गाळा बघायला. वखार दुरुस्त होत होती. खाली दुकानं निघणार, मेलेल्या पेठेत पुन्हा गिऱ्हाईक फिरकणार. त्या भरवशावर तिने मकोला बाजारातली जागा सोडली होती. आता परतायला ठिकाण नव्हतं.

आणि तिच्याच गाळ्याची मागची भिंत टिकेना. दिवसा गिलावा, सकाळी ढीग. दुरुस्तीवरचा लॅम्प्टी मुकादमच पाडत असणार! गाळा बायकोच्या बहिणीच्या घशात घालायचाय मेल्याला.

दाराशी पोचली तोच आतून ठकठक. सापडला! कुलूप काढून ती बॅटरी घेऊन घुसली. चुन्याच्या पोत्यांआड लॅम्प्टी दबा धरून बसलेला.

"चोरा! हातोडा कुठंय?"

"माझा? मावशी, मागच्या दाराने येऊन मी तुम्हालाच धरायला बसलोय! भिंत मागे सरकवून मोठा गाळा लाटताय ना?"

"जीभ आवर. गावच्या थोरल्यांनी बजावलं होतं, बंदीत ठोकाठोकी नको."

"बंदी ढोलाला आहे. हातोडा काय ढोल आहे?"

ठक.

दोघांनी एकमेकांचे हात पाहिले. रिकामे.

ठक... ठक... भिंतीच्या आतून.

"मावशी... माफी मागा ना."

"दिवसभर ठोकलंस तू. तू माग."

लॅम्प्टी गुडघ्यांवर आला. हात जोडले.

ठक.

शेवटी क्वार्लीच बोलली. "पूर्वजांनो, चुकलं. सण होईपर्यंत हातोडा बंद. पण गाळा मी सोडणार नाही. मला दुसरं ठिकाण नाही."

ठकठक थांबली.

मग... कुणीतरी श्वास सोडला. लॅम्प्टीने नाही. तिनेही नाही.

दोन्ही दारांना कुलपं लावून दोघं एकमेकांना धरून बाहेर पडली. पहाटे तिनेच दार उघडलं. गिलावा शाबूत होता.

उंबऱ्याच्या आतल्या बाजूला क्पोक्पोई शिंपडलेला होता. आपण सणाच्या दिवशी पूर्वजांसाठी दारात शिंपडतो ना, तोच, नव्या मक्याचा, पामतेलातला सांजा.

शेतात मका अजून वीतभरही नव्हता. तिने बोट लावलं.

गरम होता.