कदिरवनच्या नावापुढची रिकामी जागा

चेन्नईच्या त्या ऑफिसात आयुधपूजा नुकतीच उरकली होती. संगणकांना चंदन-कुंकू लागलं होतं, आणि मिठाईच्या डब्यांची यादी काढणाऱ्या यळिनीच्या टेबलाशी एक तरुण हाताची घडी घालून उभा होता.

"मॅडम, मी या ऑफिसात आहे ना? मिठाईचा डबा सगळ्यांना मिळाला... माझं नावच नाही म्हणे!"

यळिनीनं वर पाहिलं. कँटीनमध्ये कॉफी निवेपर्यंत ती ज्याला चोरून बघायची, तोच हा – कदिरवन. प्रोजेक्ट संपल्यापासून बेंचवर, म्हणजे नव्या कामाची वाट बघत बसलेला. दिवाळीपर्यंत काम मिळालं नाही, तर तो तिरुनेलवेलीला परत जाणार होता.

"शक्यच नाही," ती फणकारली. "डबे टीमप्रमाणे वाटायचे, म्हणून कर्मचाऱ्यांच्या तक्त्याला प्रोजेक्टचा तक्ता लेफ्ट जॉइननं जोडलाय. जोडी जुळो न जुळो, माणसाचं नाव राहतंच!"

तो संगणकाच्या पडद्यापाशी वाकला. विभूतीचा मंद वास आला.

"आणि खाली ही अट? 'प्रोजेक्ट चालू असावा.' माझा तर संपला. आधी आग्रहानं घरात घ्यायचं, मग दारातून हाकलायचं... बऱ्याच आहात हो!"

यळिनीनं जीभ चावली. चूक तिचीच होती. तिनं ती अट उचलून वर, जोडणीच्या ओळीत नेली. आता ती फक्त जोडी जुळवणार होती, माणसं गाळणार नव्हती. बेंचवरची सगळी नावं हजर झाली. त्यात कदिरवन... आणि पुढे प्रोजेक्टच्या रकान्यात रिकामी जागा.

"आलो बुवा एकदाचा!" तो हसला. मग हळूच म्हणाला, "पुढे काहीच नाही म्हणा."

ते तिला अगदी आत लागलं.

"संध्याकाळी आमच्याकडे नवरात्रात मांडलेल्या कोलूच्या बाहुल्या बघायला या," ती घाईघाईनं म्हणाली. "आईच्या हातचं हरभऱ्याचं सुंडल असतं."

"आणि आईंनी विचारलं, मुलगा काय करतो? पक्की नोकरी नाही म्हणून तुमची दोन स्थळं परत पाठवलीत त्यांनी, असं ऐकलंय."

"ती अट आईची." यळिनीचे कान तापले, पण नजर हलली नाही. "मी सांगेन – पुढची जागा सध्या रिकामी आहे. काम इथं मिळो, नाहीतर तिरुनेलवेलीत... मी तुला गाळणार नाही."

कदिरवनची सगळी थट्टा जिरली.

"तू म्हणालीस मला," तो कसाबसा म्हणाला.

"हो. किती वाजता येतोस?"