ठमीच्या कोंबड्याचा तुरा

"वाटाणे राहू दे गो. नथूकाकानं माझा कोंबडा नेला."

शेजारची ठमी ओटीवर चढलीसुद्धा नाही, अंगणातूनच बोलली. हर्षालीने वही मिटली. त्याचं तिला फारसं दुःख झालं नाही. शहापूरच्या शाळेत नववीला आनुवंशिकता शिकवून सरांनी दिवाळीच्या सुट्टीसाठी उंच आणि बुटक्या वाटाण्यांच्या संकराची उदाहरणं दिली होती. मुरबाडकडच्या या पाड्यावर मामाकडे आल्यापासून ती रोज वही उघडायची आणि पायाला मुंग्या आल्यासारखी उठायची.

"नेला म्हणजे? चोरला?" मामेभाऊ हरेशने आशेने विचारलं.

"चोरला नाय रे. माझाच हाय म्हणून नेला. दुपारच्या एसटीनं त्याचा जावई येतोय."

म्हणजे कोंबड्याचं आयुष्य एसटीच्या वेळेवर होतं. ठमीचा हा नथूकाका हर्षालीला गावनात्याने मामा. नथूमामाकडे स्वतःचे कोंबडे पुष्कळ होते, पण ते अस्सल होते. अस्सल कोंबडा कापावा इतका जावई अजून जुना झाला नव्हता.

भांडणाचं मूळ होळीच्या सुमारास होतं. तेव्हा पाड्यातल्या सुंदराआजीची कोंबडी खुडूक बसली. एका घरची कोंबडी अंडी उबवायला बसली की शेजारची अंडीही तिच्याखाली ठेवायची, ही पाड्याची रीत. त्या खेपेला आजीची स्वतःची अंडी नव्हती; ठमीने आपल्या अंड्यांवर कोळशाने फुली मारली, नथूमामाने रेघ. व्यवस्था चोख होती. फक्त पिल्लं निघाली तेव्हा फुल्या आणि रेघा टरफलांवरच राहिल्या. असं दर वर्षी व्हायचं आणि दर वर्षी सगळ्यांना नवल वाटायचं.

ठमीची कोंबडी उघड्या मानेची, गळ्यावर एक पीस नाही. म्हणून उघड्या मानेची पिल्लं ठमीला आणि पिसांच्या मानेची नथूमामाला, अशी वाटणी झाली. पिसांच्या मानेचं एक पिल्लू मात्र इतकं मरतुकडं होतं, की ठमीने ते ओच्यात घालून नेलं तेव्हा नथूमामाने वरही पाहिलं नाही. आता ते आरवायला लागलं होतं.

तिघं धावत नथूमामाच्या अंगणात पोचली तेव्हा कोंबडा बांबूच्या डालग्याखाली होता, चुलीवर पाणी होतं आणि नथूमामा सुरीला धार लावत होता. सुंदराआजी ओट्यावर बसली होती. जिची कोंबडी बसली तिचा शब्द शेवटचा, हीही रीतच.

"काकी, तूच सांग," नथूमामा म्हणाला. "आईची मान उघडी आन् लेकाला पिसं, असं होतं का कधी?"

"मामा, ठमीच्या कोंबडीची आई कशी होती?" हर्षालीने विचारलं.

"आमच्या घरची," हरेश म्हणाला. "मानेवर गच्च पिसं."

"मग लेकरू आईसारखंच हवं, तर ठमीची उघड्या मानेची कोंबडी तरी त्या आईची कशी?" हर्षालीने चुलीजवळचा कोळसा उचलून सारवलेल्या अंगणात वहीतल्यासारखी चार घरांची चौकट आखली. "पिल्लाला अर्धं आईकडून मिळतं, अर्धं बापाकडून. याची पिसं बापाकडून आली असतील."

सुंदराआजीने चौकटीकडे पाहिलं. "म्हणजे ठमीचाही असंल, नथूचाही असंल. पोरी, एवढं मला न शिकताच ठावं होतं."

नथूमामा पुन्हा धार लावू लागला. पाण्याला आधण येत होतं. हर्षालीला एका जागी उभं राहवेना. ती डालग्याभोवती फिरली, पुन्हा फिरली, मग वाकून आत बघितलं. कोंबड्यानेही मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं. त्याचा तुरा चपटा, खडबडीत होता, करवंदं चेचून डोक्यावर बसवल्यासारखा. ठमीच्या कोंबडीचाही तसाच, फक्त बारीक. आणि नथूमामाच्या जाळीतल्या झाडून सगळ्यांचे तुरे करवतीसारखे, दातेरी.

ती ओरडणार होती, पण वाटाण्यांनी तिला थांबवलं. दोन उंच वाटाण्यांच्या पोटीही बुटका निघतो. तसा चपटा तुरा नथूमामाच्या कोंबड्यांत लपलेला असला तर?

तिने हरेशच्या कानात काहीतरी सांगितलं.

"काका," हरेश मोठ्याने म्हणाला, "तुमची कोंबडी मिसळीची हाय, असं मुरबाडला बोलतात."

सुरी थांबली. "कोण बोलतो?"

"सगळेच. कुणाचाही कोंबडा जाळीत शिरतो म्हणं."

"माझ्या जाळीत? आरं, वारा शिरायचा तर मला विचारतो. वर्षानुवर्षं त्याच घरचे कोंबडे, त्याच घरच्या कोंबड्या. शेकड्यानं पिल्लं काढली, दुसऱ्या तऱ्हेचं एक निघालं नाय."

"तुरासुद्धा?" हर्षालीने हळूच विचारलं.

"तुरासुद्धा. सगळे दातेरी. काकी साक्षीला हाय."

"हाय," सुंदराआजी म्हणाली. मग ती उठली, डालगं उचलून कोंबडा काखेत घेतला आणि त्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "नथू, ह्यो दातेरी हाय का रे?"

नथूमामाने सुरी खाली ठेवली.

"चपटा तुरा तुमच्याकडे लपलेला असता," हर्षाली चौकटीचं एक घर कोळशाने भरत म्हणाली, "तर चारात एखादं पिल्लू तसं निघालंच असतं. शेकड्यात एकही नाही म्हणता. बाहेरचा कोंबडा आत येत नाही म्हणता. मग हा तुरा तुमच्या अंड्यात आला कुठून?"

"मिसळ झाली असंल कधी," नथूमामा पुटपुटला.

"झाली का?" सुंदराआजीने विचारलं. "मग मी सगळीकडं तसं सांगते."

नथूमामाने अस्सलपणा आणि रस्सा यांचा मनातल्या मनात विचार केला. रस्सा हरला.

सुंदराआजीने कोंबडा ठमीच्या हातात दिला. ठमीने त्याला इतकं घट्ट धरलं, की त्याला जावई परवडला असता. आजी हर्षालीकडे वळली. "मी इतकी वर्षं कोंबड्या बसवल्या, पण वर तुऱ्याकडं नाय बघितलं. शाणी हायस. सरांना सांग, सुंदरानं पास केलं."

रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. नथूमामा जड पावलांनी आपल्या जाळीकडे गेला आणि बराच वेळ कुठल्या अस्सलाला हात घालावा ते ठरवत राहिला.

संध्याकाळी जावई जेवून झोपल्यावर तो ठमीच्या दारात आला. कोंबड्याकडे बघून खाकरला.

"पोरी, तुरा झकास हाय. माझ्या कोंबड्यांत आणायचा तर काय करायचं?"

ठमीने हर्षालीकडे बघितलं. मग म्हणाली, "काका, कोंबड्या हितं आणून सोडा. ह्यो काय परत तुमच्या घरी यायचा नाय."