डाव्या बाजूची हाक

"सांग त्याला! माझ्या घरात बसून सरकारकडे खोटेनाटे अर्ज करायचे नाहीत म्हणावं!"

टपालाने आलेला सुनावणीच्या नोटिशीचा लिफाफा मामंजींनी जेवणाच्या टेबलावर असा आपटला, की पाण्याचं भांडं कलंडलं. आणि गंमत बघा, ज्याला हे सांगायचं होतं तो लेक हातभर अंतरावर बसून खाली मान घालून जेवत होता! पण या घरात बाप लेकाशी बोलायचा तो सुनेमार्फत. "सांग त्याला" म्हणायचं, आणि सुनेने सांगायचं. वर्षानुवर्षं हाच रिवाज.

ती नवऱ्याच्या उजव्या हाताशी, तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली होती. तिने शांतपणे टेबल पुसलं.

"अर्ज ह्यांनी नाही केला, मामंजी. मी केलाय. ह्यांची नुसती सही आहे, आणि तीसुद्धा मी रडून घेतलेली."

"आज्ञाभंग तो आज्ञाभंग! फौजेने एकदा लिहिलं ते लिहिलं. आता म्हणे कारण बदला! सुनावणीला मीही येणार आहे. बघतोच, कसा खोटं बोलतो ते."

गल्ली त्यांना मेजर म्हणे. मेजर ते कधीच नव्हते, हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण आवाज असा, की ते नुसते खोकले तरी गल्लीतली पोरं रांगेत उभी राहत! अशा माणसाचा एकुलता एक मुलगा फौजेने घरी पाठवला, आणि सेवापुस्तिकेत कारण काय, तर 'आज्ञाभंग'! गाडी चालवत असताना डावीकडच्या सीटवरचे साहेब 'थांब, थांब' असं जिवाच्या आकांताने ओरडत राहिले आणि हा गाडी हाकतच राहिला. गाडी अडसरावर आदळली, साहेबांचा पाय मोडला. चौकशीत 'का थांबला नाहीस?' असं पुन्हा पुन्हा विचारलं, तरी पठ्ठ्याने तोंडातून ब्र काढला नाही.

तो का बोलला नाही, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक तो स्वतः, आणि दुसरी ती...

ती दुपार तिच्या डोळ्यांसमोरून कधी हललीच नव्हती. तो रजेवर आला होता; मामंजीही तेव्हा फौजेत होते, रजेवर घरी आलेले. ती शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन फाटकाबाहेर उभी होती, आणि दारात बापासमोर उभा राहून तो म्हणत होता, "लग्न करीन तर शिंप्याच्याच मुलीशी." फाडकन आवाज झाला! मामंजी आत निघून गेले, आणि तो फाटकाशी आला तेव्हा त्याच्या डाव्या कानातून रक्ताचा बारीक ओघळ मानेवर उतरत होता. तिने पदर लावला. "कुणाला सांगायचं नाही," तो म्हणाला. "माझी शपथ आहे तुला." त्या कानाने त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. त्याच बाजूने साहेब ओरडत होते, त्याच बाजूने त्याचं सारं आयुष्य कोलमडलं... आणि त्या सगळ्याला निमित्त ती!

तेव्हापासून ती त्याची उजवी बाजू झाली. रस्त्याने उजवीकडे, जेवताना उजवीकडे, पाहुण्यांत उजवीकडे. बायका चिडवत, "काय बाई ही, नवऱ्याची बाजूसुद्धा सोडत नाही!" चिडवू देत बापड्या! पंपदुरुस्तीच्या कारखान्यात तो चालत्या पंपावर तळहात ठेवून बिघाड ओळखायचा. लोकांना वाटे, काय हा कसबी कारागीर! तिलाच ठाऊक, की तो कानाचं काम हाताकडून करून घेतोय. एवढं सोसून या माणसाने बापाबद्दल कधी एक वाकडा शब्द काढला नव्हता. रोज त्यांचे बूट हाच पुसायचा! ती ते बघायची आणि तिचं मन थक्क होऊन जायचं. हा माणूस आहे की कोण आहे!

तो फौजेतून घरी आल्यावर मामंजी निदान शिव्या तरी घालत. पण सासूबाईंना स्मशानात पोचवून आले त्या संध्याकाळपासून तेही बंद झालं. त्या दिवशी असं काय बिनसलं, तिला कधी कळलं नाही. ती आत चहा करत होती. बाहेर आली तर मामंजी भिंतीकडे तोंड करून बसलेले. तेव्हापासून फक्त "सांग त्याला".

आणि आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजवा कानही चाललाय. वर्षभरात तोही जाईल. बापाच्या तोंडून मायेचा एक शब्द न ऐकताच हा माणूस कायमचा त्या शांततेत जाणार? नाही! तो 'आज्ञाभंग' पुसला गेला तर मामंजी बोलतील, म्हणून तो अर्ज. शपथ मोडायची नव्हती. कान निकामी होता, एवढंच नोंदवून घ्यायचं. कसा झाला, ते कोण विचारतंय!

पण विचारलंच.

सुनावणीची खोली साधीच होती. लांब टेबल, त्यामागे मंडळाच्या अध्यक्षबाई, शेजारी फौजेचे डॉक्टर. मामंजी मागच्या बाकावर, कोटावर पदक लावून, काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते. डॉक्टरांनी कान तपासला आणि मान हलवली. "पडदा फाटलाय. फार जुनी इजा आहे. ह्या कानाने ह्यांना तेव्हाही ऐकू येत नसणार."

मामंजींची काठी किंचित हलली.

"इजा कशी झाली?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "सरावात? स्फोटाच्या आवाजाने?"

नुसतं हो म्हणायचं होतं. ती मनातल्या मनात आक्रोश करत होती, म्हणा हो, एकदा हो म्हणा...!

"नाही बाई," तो म्हणाला. "सरावात नाही. पडलो होतो."

"पडून असं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "हा उघड्या पंजाचा फटका आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात. कुणी मारलं होतं तुम्हाला?"

तो गप्प. तोच, इतक्या वर्षांपूर्वीच्या चौकशीतला गप्पपणा!

"कारण सांगितलं नाहीत तर अर्ज फेटाळावा लागेल."

"फेटाळा, बाई."

तिने डोळे गच्च मिटले. ओठांवर आलेलं वाक्य तिने दातांखाली दाबून धरलं. आणि मागे काठी खाली पडल्याचा आवाज झाला...

मामंजी उभे होते. आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होते, जणू तो कुणा परक्याचा असावा. मग हळूहळू त्यांनी पाठ ताठ केली, टाचा जुळवल्या, आणि म्हातारपणाने चिरकलेल्या आवाजात ते बोलले.

"फटका माझा आहे, बाई. हा रजेवर आला होता. दारात उभा राहून मला म्हणाला, शिंप्याच्या मुलीशी लग्न करीन. मी थोबाडीत मारली. ह्याने आज्ञा मोडली नाही... ह्याला आज्ञा ऐकूच आली नाही!"

अध्यक्षबाईंचा आवाज खाली आला. "मग तुम्ही चौकशीत हे का नाही सांगितलंत?" त्यांनी लेकाला विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "बाबा तेव्हा नोकरीत होते. जवानाला निकामी केलं म्हणून त्यांच्यावरच खटला झाला असता. त्याच महिन्यात त्यांना पदक मिळणार होतं, बाई. सगळी हयात त्यांनी त्यासाठी घालवली होती."

मामंजींनी कोटावरचं पदक काढलं आणि टेबलावर ठेवलं. अध्यक्षबाईंनी ते हलकेच परत सरकवलं. "हे आमच्या अधिकारात येत नाही, आजोबा. ठेवा ते." मग त्यांनी कारकुनाला मजकूर सांगितला: 'आज्ञाभंग' हे कारण रद्द, त्याजागी 'श्रवणदोषामुळे सेवेस अपात्र'. आणि त्या स्वतः उठून उभ्या राहिल्या! डॉक्टर उठले, कारकूनही लेखणी ठेवून उठला. तिच्या नवऱ्यासमोर, त्या पंप दुरुस्त करणाऱ्या माणसासमोर! ती भारावून बघतच राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचलं नाही.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर दोघं बसली. ती सवयीने उजवीकडे. मामंजी आले, डाव्या बाजूला टेकले आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "सांग त्याला... तुझी सासू गेली ना, त्या संध्याकाळी मी त्याला हाक मारली होती. सगळं विसरून, पोटातून हाक मारली होती गं! असाच, ह्याच बाजूला शेजारी बसून. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं, आईबरोबर बापही मेला ह्याला... मग मी पुन्हा मारलीच नाही."

एक हाक! एका बाजूने मारलेली एक हाक, आणि त्यापायी इतकी वर्षं! नवरा तिच्याकडेच बघत होता. "काय म्हणतायत बाबा?" त्याने हळूच विचारलं.

ती सांगायला वळली. तोंड उघडलं... आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्याची उजवी बाजू सोडली. ती उठली, मामंजींच्या दंडाला धरून त्यांना उठवलं, आणि आपल्या जागेवर आणून बसवलं.

"मी नाही सांगणार, मामंजी. तुम्हीच सांगा. इथून ऐकू येतं त्यांना."

म्हाताऱ्याने लेकाच्या कानाकडे पाहिलं. ज्या आवाजाने गल्ली रांगेत उभी राहायची, तो फुटेचना. मग ते वाकले, तोच उजवा हात भीतभीत लेकाच्या पाठीवर ठेवला, आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"बाळा..."

त्याचा सगळा देह एकदा शहारला. डोळे घळाघळा वाहू लागले; पण आवाज लहान पोराचा असावा तसा स्वच्छ आला.

"ओ, बाबा!"