डावीकडचं वळण

रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापायला सोपा, पण वाकवायला महाहट्टी. अच्युत पांढरीपांडेनं त्याचं पातं करताना दोन्ही अंगठे कापून घेतले. बोटांवर हळद दाबता दाबता त्याच्या बायकोनं, सुधानं, विचारलं, "शाळेत विज्ञान शिकवता की कल्हईचं दुकान काढताय?"

"बुलडोझर करतोय."

"करा. पण माझं लाटणं परत द्या आधी."

लाटणं परत देण्यासारखं उरलं नव्हतं. त्याच्या आठ चकत्या होऊन बुलडोझरची चाकं झाली होती. हे सांगायची ही वेळ नाही, एवढी अक्कल अच्युतला होती.

सत्तावन्न सालचा माघ महिना. हिंगणघाटात जिनिंगचा हंगाम सरत आला होता. ओसरीवर काही उघडं ठेवलं की संध्याकाळपर्यंत त्यावर कापसाचे तंतू बसत. यंत्र हातभर लांबीचं झालं. चाकांवर सायकलची चेन, चेनीवर पत्र्याचे तुकडे, असे दोन अंगांना दोन पट्टे, दोन बोटं रुंदीचे. प्रत्येक पट्ट्याला वेगळी मोटर, पोटात टॉर्चचे सेल. लढाईनंतर फौजेचं भंगार नागपुरात विकायला आलं होतं, त्यातून त्यानं रेडिओचे व्हॉल्व्ह आणि एक रिले पैदा केला होता. तारखात्यातून बाद झालेली, तार ठोकायची एक किल्लीही त्याच्याकडे होती. ती दाबली की हवेतून लहर जाई, यंत्राच्या पोटात टक् वाजे आणि चार दातांची एक चकती एक घर पुढे सरके. पहिली टिचकी दिली की डावं, दुसरीला सरळ, तिसरीला उजवं, चौथीला पुन्हा सरळ. चकतीला घर गाळून पुढे जाता येत नव्हतं. पातं दोन स्क्रूंनी वरच पक्कं बसवलं होतं. ते खाली घ्यायची सोय करायची तर आणखी एक व्हॉल्व्ह लागला असता, आणि बहुधा आणखी एक लाटणं.

हा सगळा खटाटोप जयवंतासाठी होता.

जयवंता भोयर गिरडकडचा शेतकरी. त्याच्या गावाजवळ तलावाचं काम निघालं, सरकारी बुलडोझर आला, आणि तो चालवायला शिकलेला त्या भागातला पहिला माणूस म्हणजे हा. यंत्राचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. जयवंता त्याला पोथी म्हणायचा. वर्षभर दर रविवारी तो ती पोथी फडक्यात गुंडाळून हिंगणघाटला यायचा आणि अच्युत त्याला पानापानाचा अर्थ सांगायचा. असा विद्यार्थी अच्युतला शाळेत एकही मिळाला नव्हता.

मागच्या जेठात तो बुलडोझर तलावाच्या मातीच्या बांधाच्या, म्हणजे पाळीच्या, उजव्या अंगाला, खालच्या खड्ड्यात उलटा पडलेला सापडला. जयवंता सापडला नाही. ओव्हरसियर सदाशिवरावांनी अहवाल लिहिला: चालकाने यंत्र बेपर्वाईने उजवीकडे वळवून खड्ड्यात घातले व भीतीने पळून गेला. पाऊस तोंडावर होता. पाळीला पडलेलं खिंडार त्याच दिवशी दुसऱ्या यंत्रानं बुजवलं गेलं. पोथी तेवढी अच्युतकडे राहिली.

जयवंताची बायको रुख्माबाई हिनं त्या अहवालावर अंगठा द्यायला साफ नकार दिला. नवरा पळाला असं तोंडावर म्हणणाऱ्याला तिनं दारातूनच परत पाठवलं, आणि असे बरेच होते. कुणी म्हणे तो नागपुरात दिसला, कुणी म्हणे बल्लारशाला दुसरं घर केलं. सख्ख्या भावानंसुद्धा त्यावर मान डोलावली.

"ते पाळीत हायेत, गुरुजी," तिनं अच्युतला सांगितलं होतं. "मी म्हणते खोदा. तर म्हणतात, एका बाईच्या सांगण्यावरून तलाव फोडाचा का?"

"पण रुख्माबाई, यंत्र तर उजवीकडे पडलं होतं."

"तेच तं! ते उजव्या अंगाले वळवतच नव्हते जी. नांगराचं तास सरलं, वावराच्या धुऱ्यावर आलं, का बैल डाव्या अंगाले. त्याइच्या बापाची तशीच रीत व्हती. बुलडोजर आला तरी हात तोच. उजवीकून दोन हातावर काम असलं, तरी हा मानूस डावीकून फेरा मारून जाये. सारे हासत व्हते त्याइले."

अच्युत हसला नाही. रविवारी ओसरीवर उठबस करतानाही जयवंता डावीकडूनच वळायचा, हे त्याला आत्ता आठवलं. म्हणजे यंत्र वळवलं गेलं नव्हतं. पाळच खचली होती. काळी माती थर देऊन, पाणी मारून, रोलर फिरवून बसवायची असते. घाईत ती नुसती ओतली असेल तर डावीकडे वळणारं यंत्रसुद्धा उजवीकडे कलंडेल. हे तो दाखवणार होता. छोटी पाळ, छोटं यंत्र, सगळं पोथीतल्या मापानं. आणि यंत्राला दोरी किंवा तार नको, कारण दोरी दिसली की सदाशिवराव म्हणतील, मास्तरानं ओढलं.

होळीनंतरच्या रविवारी शाळेच्या रिकाम्या मैदानात यंत्र पहिल्यांदा चाललं. पहिली टिचकी दिली, ते डावीकडे वळलं. दुसरीला सरळ झालं. तिसरीला पुन्हा डावीकडे वळलं.

अच्युतनं ते ओसरीवर आणून उघडलं. चकती तिसऱ्या घरात होती. उजवा पट्टा थांबायला हवा होता, आणि तपासावं तर थांबतही होता. दोन्ही मोटरींच्या तारा त्यानं मुद्दाम एकमेकींच्या जागी जोडल्या. आता पहिल्या टिचकीला यंत्र उजवीकडे वळायलाच हवं होतं. मैदानात ते डावीकडे वळलं. चकतीवरचे दात त्यानं दोनदा मोजले. चार होते. मग त्यानं सुधाला मोजायला लावले. तिनं चार मोजले, आणि लाटण्याबद्दल काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी रुख्माबाई आली. मैदानाच्या कुंपणाशी पदर खोचून उभी राहिली. यंत्र कुंपणापर्यंत जाई, थांबे, दहा मोजावेत इतका वेळ थांबे, मग डावीकडून वळून परत येई. किल्ली अच्युतच्या हातात होती आणि त्यानं ती दाबलेली नव्हती.

"हे का थांबतं?" त्यानं स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं.

"बैलाइले दम घेऊ देऊन राह्यले," रुख्माबाई म्हणाली. तिच्या आवाजात नवल नव्हतं. राग होता, दहा महिन्यांचा. "चाला गुरुजी. आता पाळीवर चाला."

अच्युतला भीती वाटली नाही असं नाही. पण माणूस भूत मानत नसेल तर त्यानं भुताला घाबरून घरात बसणं हा शुद्ध निर्लज्जपणा झाला, असं त्याचं मत होतं, आणि त्या मताला तो तिथंच चिकटून राहिला.

पाळीवर प्रयोग करू द्यावा म्हणून केलेल्या तीन अर्जांना उत्तर आलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, सरकारी कामात नाक खुपसाल तर नोकरीला मुकाल. अच्युतनं चौथा अर्ज लिहिला नाही. परवानगी मागितली की नाही म्हणायला कचेरीत बसून जमतं. न मागता गेलं तर नाही म्हणायला त्यांना तिथं उभं राहावं लागेल. चैत्र सरताना मोठे साहेब पाळीची तपासणी करायला येणार होते. त्या दिवशी पहाटेच खोक्यात यंत्र घालून अच्युत आणि रुख्माबाई बैलबंडीनं निघाले.

दहा वाजले होते. ऊन चढलं होतं, दूर गिरडची टेकडी धुरकट दिसत होती. पाळीच्या माथ्यावर रुख्माबाईनं काळी माती भिजवून हातभर उंचीची छोटी पाळ घातली. मजूर बाया टोपल्या खाली ठेवून पाहू लागल्या. जीप आली. साहेब उतरले, मागून सदाशिवराव.

"हे काय चाललंय, मास्तर? या बिनतारी खेळण्याचं लायसन आहे तुमच्याकडे?"

"नाही," अच्युत म्हणाला. "पोलिसांना बोलवा. ते येईपर्यंत मी चालवतो."

सदाशिवराव लाल झाले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना बहुधा यंत्राचंच कुतूहल वाटलं असावं. "पाच मिनिटं," ते म्हणाले.

अच्युतनं यंत्र छोट्या पाळीवर ठेवलं आणि किल्लीवर बोट ठेवलं. दाबलं नाही.

यंत्र निघालं.

ते ओल्या मातीवरून डावीकडे उतरलं. छोट्या पाळीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मोठ्या पाळीच्या माथ्यावरून ते सरळ चालू लागलं, चाळीस पावलं, पन्नास, साठ. माणसं मागून चालली. पत्र्याच्या पट्ट्यांची खरखर तेवढी होती.

एका जागी ते थांबलं. दहा मोजावेत इतका वेळ. मग डावीकडे वळलं, पाच हात गेलं, थांबलं, डावीकडे वळलं, परत आलं. नांगरानं तास घालावं तसं. एकाला लागून दुसरं.

"इथंच खिंडार व्हतं," मजुरांतला म्हातारा नत्थूजी हळूच म्हणाला.

"थांबवा ते," सदाशिवराव म्हणाले.

अच्युतनं किल्लीची तार उपटली. यंत्र चालत राहिलं.

मग त्यानं पातं पाहिलं. ते खाली आलं होतं. दोन्ही स्क्रू जागच्या जागी, पिळून घट्ट बसलेले, आणि पातं जमिनीला टेकून माती सारत होतं.

त्यानं यंत्र उचललं. खालची झडप उघडून सेल काढले, एकेक, आठही, आणि खिशात टाकले. हातातल्या हातात पट्टे फिरतच होते. मोटरी गार होत्या.

हातांना ओढ लागत होती. खाली.

सगळे त्याच्याकडे पाहत होते. वर्गाला जे समजावून सांगता येईल तेवढंच खरं, असं वर्षानुवर्षं बजावत आलेला हा मास्तर. त्याला त्या क्षणी एकही वाक्य सुचलं नाही. पण यंत्र फेकून द्यावं असंही वाटलं नाही. तो वाकला आणि जिथून उचललं होतं, तिथंच त्यानं ते परत ठेवलं.

"खोदा," तो म्हणाला.

"हुकूम नाही!" सदाशिवराव ओरडले. "साहेब, पाळ फुटेल—"

रुख्माबाईनं जवळच्या बाईच्या हातून फावडं घेतलं. "कोन थांबवते, पाहू द्या मले." आणि तिनं पहिला घाव घातला. साहेब एक पाऊल मागे सरले. नत्थूजीनं कुदळ उचलली. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. खड्डा पुरुषभर खोल गेला तोवर काठावर यंत्र आपोआप थांबलं होतं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दीड पुरुष खोलीवर जयवंता सापडला. दुपारचे दोन वाजले होते.

रुख्माबाई रडली नाही. खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसून तिनं बराच वेळ खाली पाहिलं. मग उठून सदाशिवरावांसमोर उभी राहिली. "पळाला म्हनून लिवलं व्हतं ना? आता खोडा. माह्यासमोर खोडा."

सदाशिवरावांचा हात चालेना. साहेबांनी स्वतः जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, आणि तिनं सांगितलं म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं: चालक कामावर असताना मृत झाला. मजूर बाया ऐकत होत्या, गावातली माणसं ऐकत होती, जयवंताचा भाऊ खाली मान घालून ऐकत होता. दोनदा वाचायला लावून तिनं आपल्या हातानं कुंकू पुसलं. कुणाला सांगावं लागलं नाही.

जयवंताला वर काढायला अच्युत मजुरांबरोबर खड्ड्यात उतरला.

सगळं अंग काळ्या मातीनं आवळून धरलं होतं. छातीवर, हातांवर वीतभर जागा मोकळी नव्हती. फक्त चेहऱ्यासमोरची माती कुणीतरी सारली होती. परातीएवढी पोकळी होती, कडा तासून साफ केलेल्या. वरून तिथं यायला वाट नव्हती, भोक नव्हतं, भेगही नव्हती. अच्युतनं वाकून पाहिलं. पोकळीच्या तळावर दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यांचे ठसे होते, जाणारे, येणारे, प्रत्येक फेऱ्याला डावीकडे वळलेले.

त्यानं एका ठशावर बोट ठेवलं. ठसा ताजा नव्हता. मागच्या जेठातला चिखल सुकून व्हावा तसा तो दगडासारखा कडक झाला होता, आणि अच्युतनं रॉकेलचा डबा कापायला घेतला त्याला जेमतेम अडीच महिने झाले होते.